स्वप्नात जागा राहिलेला मुलगा

स्वप्नात साप दिसला, दात पडले, मृत आप्त पाणी मागताना दिसले, की त्याचा अर्थ विचारण्यासाठी देवऋषीचे दार गाठणारी माणसे आमच्या समाजात आजही आहेत. धम्मदीक्षेनंतर पिढ्या उलटल्या, तरी स्वप्नाचे भय काही घरांतून गेलेले नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही अशा एका माणसाचे चरित्र निवडले आहे, ज्याने आपल्या स्वप्नांचा अर्थ कोणालाही विचारला नाही. स्वप्न पडत असतानाच त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्यास तो शिकला.

एर्वे द सँ-दनी यांचा जन्म ६ मे १८२२ रोजी पॅरिस येथे एका सरदार घराण्यात झाला. शिक्षण घरीच झाले. सोबत शिकणारा सवंगडी कोणी नव्हता. वयाच्या चौदाव्या वर्षात या एकट्या मुलाला आपल्या एका विलक्षण स्वप्नाचे चित्र काढावेसे वाटले. त्यातून नाद लागला. पुढे तो रोज आपली स्वप्ने आठवून लिहून ठेवू लागला. अशा २२ वह्या भरल्या आणि त्यांत १,९४६ रात्रींची नोंद झाली.

आरंभी आठवण तुटक असे. सरावाने ती भरत गेली. परंतु खरा पालट निराळाच होता. दिवसभर स्वप्नांचा विचार करण्याची सवय जडल्यामुळे तोच विचार झोपेतही उमटू लागला आणि २०७व्या रात्री, स्वप्न चालू असतानाच, हे स्वप्न आहे असे त्याला कळले. सहा महिन्यांत पाचांपैकी दोन रात्री, वर्षभरात चारांपैकी तीन रात्री आणि सव्वा वर्षानंतर जवळजवळ प्रत्येक रात्री त्याला हे भान येऊ लागले. यात मंत्र नाही, गंडा नाही, कोणाची कृपा नाही. जागेपणी मन ज्यात रमते तेच झोपेत परतते, एवढ्या साध्या नियमावर हे सारे उभे आहे.

आम्हा बौद्धांना हा नियम अपरिचित वाटू नये. सतिपट्ठान सुत्तात चालणे, जेवणे, बोलणे यांबरोबर झोपणे आणि जागणे हेही संपजञ्ञाचे विषय म्हणून सांगितले आहेत. स्मृती हरवून झोपणाऱ्यास वाईट स्वप्ने पडतात, असे विनयपिटकात आहे. एर्वे यांनी हे वाचले होते असे आमचे म्हणणे नाही. ते आपल्या वहीवरून तेथे पोहोचले.

पुढे त्यांनी प्रयोगही केले. दक्षिण फ्रान्समधील डोंगराळ विवारे प्रांतात जाताना त्यांनी एक नवे अत्तर सोबत नेले, मुक्कामभर तेच वापरले आणि परतल्यावर कुपी बंद करून ठेवली. काही महिन्यांनी नोकराला सांगून ठेवले, की आम्हाला न कळविता एखाद्या रात्री उशीवर दोन-चार थेंब टाकावेत. त्या रात्री स्वप्नात विवारेचे डोंगर आणि तेथील चेस्टनटची झाडे हुबेहूब उभी राहिली. मालकाच्या झोपेसाठी जागणाऱ्या त्या नोकराला स्वतःला कोणती स्वप्ने पडत, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रिकामी जागा खटकते.

त्यांचा व्यवसाय चिनी विद्येचा. थांग काळातील कवितांचा त्यांचा फ्रेंच अनुवाद १८६२ साली आला; १८७४ साली कॉलेज द फ्रान्समध्ये चिनी भाषेचे अध्यापन त्यांच्याकडे आले. स्वप्ने आणि ती वळविण्याचे उपाय यांवरील त्यांचा ग्रंथ १८६७ साली निघाला, तोही लेखकाच्या नावाविना. सिग्मंड फ्रॉईड यांनाही तो प्रयत्न करून मिळाला नाही. २ नोव्हेंबर १८९२ रोजी एर्वे यांचे निधन झाले. १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी खूण मिळविली, तेव्हा स्वप्नातील हे भान यंत्रावर नोंदले गेले. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी तर दिवसातून अनेकदा, मी जागा आहे की स्वप्नात, असे स्वतःस मनापासून विचारण्याची सवयच सांगितली.

ग्रंथातील एक प्रसंग वसतिगृहात रात्री दचकून उठणाऱ्या मुलांसाठी आम्ही मुद्दाम येथे देतो. काही आठवड्यांत एर्वे यांना तेच दुःस्वप्न पुनःपुन्हा पडले. एकापुढे एक खोल्या, दारे उघडता उघडत नाहीत, मागे अक्राळविक्राळ आकृत्या. बंद केलेली दारे त्या उघडत येत असल्याचा आवाज. घामाने भिजून जाग येई. एका रात्री मात्र पळता पळता त्यांना आठवले, की हे तेच स्वप्न. ते थांबले. भिंतीला पाठ टेकवून त्यांनी सर्वांत पुढच्या राक्षसाकडे निरखून पाहिले. तो कॅथेड्रलच्या दारावरील कोरीव आकृतीसारखा होता. बाकीच्या आकृत्या नाहीशा झाल्या. नजर न हलविता ते पाहत राहिले, तसा तोही मंदावला, विरला, आणि अखेरीस कार्निव्हलच्या दिवसांत सोंगांचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानाबाहेर टांगलेल्या विटक्या कापडासारखा नुसता हलत राहिला.