इंग्रज गोलंदाजाला घाबरायचे, आपले लोक त्याला चहा बाहेर द्यायचे : पळवणकर बाळू यांची गोष्ट

भारताची टीम जाहीर झाली की पुण्यात मंडईजवळ जाऊन उभं राहायचं. चहाच्या टपरीवर, गाळ्यांच्या रांगेत, टिळकांच्या पुतळ्याच्या आसपास, जिकडे जाल तिकडे सिलेक्टर. याला का घेतला, त्याला का काढला, अमक्याचा वशिला आहे, तमक्यावर अन्याय झालाय. भाजी निवडता निवडता टीम निवडून होते.

मस्करी सोडा, पण टीममध्ये कोणाला घ्यायचं यावरून पुण्यात एकदा असा वाद झाला होता की त्याची गोष्ट आजही सांगावी लागते. मंडईची ती अष्टकोनी इमारत तेव्हा नवीकोरी होती आणि तिचं नाव होतं रे मार्केट. वाद ज्याच्यावरून झाला त्याच्या गोलंदाजीबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. दुमत होतं त्याच्या जातीबद्दल.

त्यांचं नाव पळवणकर बाळू.

घराणं मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. पळवण गावावरून आडनाव पडलं पळवणकर. बाळूंचा जन्म 1876 चा, तोही धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. लष्कर म्हणजे गोरे साहेब, आणि साहेब म्हणजे क्रिकेट. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि बॉल घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. कोच वगैरे भानगड नाही.

पोटापाण्यासाठी बाळू पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्लबात लागला. काम काय, तर मैदान झाडायचं आणि रोलर फिरवायचा. पगार महिना 3 रुपये. पुढे 1892 मध्ये तो कॅम्पातल्या पूना क्लबात आला. हा गोऱ्यांचा क्लब. पगार वाढून 4 रुपये झाला. खेळपट्टी तयार करायची, नेट लावायची, टेनिसच्या कोर्टवर रेघा मारायच्या.

मधल्या वेळात कोणा साहेबाला सरावासाठी बॉल टाकायला माणूस हवा होता. पोरगं समोर होतंच. त्याने डावखुरी स्पिन टाकायला सुरुवात केली आणि साहेबांच्या लक्षात आलं की प्रकरण साधं नाही. एकाच ॲक्शनमध्ये बॉल आत येतो, बाहेर जातो, कधी हवेतच थांबल्यासारखा वाटतो.

यात सगळ्यात जास्त नाद लागला तो कॅप्टन ग्रेग यांना. जे. जी. ग्रेग हे तेव्हा भारतातल्या गोऱ्यांमधले एक नंबरचे फलंदाज. इंग्रजीत त्यांच्या नावाची आद्याक्षरं झटकन म्हटली की काहीतरी 'जंगली'सारखं ऐकू यायचं, म्हणून सगळे त्यांना जंगली ग्रेगच म्हणायचे. हे साहेब इतरांच्या आधी मैदानावर हजर व्हायचे आणि बाळूला बॉल टाकायला लावायचे. असं सांगतात की बाळूने आऊट केलं की दर वेळी आठ आणे मिळायचे. हिशोब करून बघा. महिन्याला 4 रुपये पगार, म्हणजे आठ वेळा ग्रेगची विकेट काढली की अख्खा पगार सुटला.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. इतकी वर्षं, इतके तास बॉल टाकले, पण पूना क्लबात बाळूच्या हातात कोणी बॅट दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉलिंग नोकराची. आजही आपल्याकडे गल्लीत बॅट ज्याची तो ओपनिंगला जातो आणि गरीब पोरगं फिल्डिंग करत राहतं, त्याचं मूळ कुठपर्यंत जातं बघा.

आता मूळ वाद.

पुण्यातल्या हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. आणि गोऱ्यांच्या सगळ्यात मोठ्या फलंदाजाला रोज सकाळी आऊट करणारा माणूस त्याच शहरात रोलर फिरवत होता. घ्या की मग टीममध्ये! पण क्लबातच दोन तट पडले. काही तेलुगू मंडळी म्हणाली की बाळू हवाच. स्थानिक ब्राह्मण सभासदांना ते पटेना. बरोबर खेळायचं म्हणजे त्याने हाताळलेला बॉल हाताळायचा, त्याच्याबरोबर पॅव्हेलियनमध्ये बसायचं, चहा घ्यायचा, जेवायचं. तेव्हाच्या पुण्यात हा फार मोठा मामला होता.

गंमत म्हणजे कोंडी फोडायला मदत झाली ती प्रतिस्पर्ध्याची. बाळूसारख्या गोलंदाजाला बाहेर ठेवलं तर हिंदू मंडळी मूर्ख ठरतील, अशा अर्थाचं मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे मांडलं. यात समाजसुधारणेचा भाग किती आणि मॅचमध्ये तगडा गोलंदाज समोर असावा ही खुमखुमी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला खुमखुमी जास्त वाटते.

शेवटी तोडगा निघाला, आणि तो अगदी आपल्याकडचा होता. मैदानावर बाळू टीमचे. मैदानाबाहेर नाहीत. मॅच चालू असताना सगळे एकच बॉल हाताळणार, पण चहाच्या वेळी बाकीचे आत बसून कपातून चहा पिणार आणि बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळणार. हात धुवायचे तर पाणी घालायला वेगळा माणूस. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर.

आणि या माणसाने विकेटा काढल्या. पुण्यात तर काढल्याच, पण साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धही काढल्या. बाळूंची स्पिन चालू नये म्हणून तिथल्या खेळपट्टीवर आधी दिवसेंदिवस रोलर फिरवला होता म्हणे. ज्याचा जन्म रोलर फिरवण्यात गेला त्याच्याविरुद्ध ही आयडिया! बाळूंनी सात विकेट घेतल्या.

त्यानंतर पुण्यातलं वारं जरा बदललं. न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीर समारंभात बाळूंना हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता येतं त्याच्याबरोबर खाता-पिता का येत नाही, असा त्यांचा सवाल होता.

1896 च्या सुमारास पुण्या-मुंबईकडे प्लेगने थैमान घातलं आणि त्याच काळात बाळू मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात प्रवेशावरून पुन्हा तीच कुरबुर, फक्त विरोध करणारे वेगळे. या वेळी कॅप्टन कीर्तिकर ठाम राहिले आणि बाळू आत आले. पुढे रेल्वेत नोकरीही मिळाली, रेल्वेच्या टीमकडूनही ते खेळले.

मग आलं 1906 साल. तोवर गोऱ्यांशी मोठ्या मॅच पारशी खेळायचे. आता हिंदूंची टीम मुंबईत गोऱ्यांसमोर उभी राहिली. टीममध्ये बाळू होते आणि शिवरामही. हिंदूंनी 242 आणि 160 रन केले. गोरे 191 आणि 102 वर आटोपले. 109 रननी विजय! बाळूंनी मॅचमध्ये आठ विकेट काढल्या. एव्हाना टीमने त्यांच्याबरोबर चहा आणि जेवण एकत्र घ्यायलाही सुरुवात केली होती. वर्तमानपत्रांत चर्चा मॅचची झाली तशीच या पंगतीचीही झाली.

1911 मध्ये पहिल्यांदाच अखिल भारतीय म्हणावी अशी टीम इंग्लंडला गेली. तिची निवड म्हणजे एक वेगळाच किस्सा. निवड समितीच्या अध्यक्षस्थानी कोण, तर आपले जंगली ग्रेग. त्यांच्याबरोबर हिंदू, मुसलमान आणि पारशी समाजाचे सभासद. टीमही तशीच धर्मावर वाटून निवडली. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान. कॅप्टन पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग, वय वर्षं 19. महाराज मैदानापेक्षा मेजवान्यांतच जास्त दिसले. बाळू आणि शिवराम हिंदूंच्या कोट्यातून गेले.

टीमचं पानिपत झालं. 23 मॅचपैकी 15 हरले, 6 जिंकले. पण बाळूंनी त्या एका दौऱ्यात 114 विकेट घेतल्या. वयाची पस्तिशी, दुखरा खांदा, थंडी-पाऊस, पहिलीच परदेशवारी. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात तर 103 रनमध्ये 8 विकेट.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र लिहिणारा तरुण होता भीमराव आंबेडकर. वय विशीतलं, अजून कॉलेजात. ज्या काळात अस्पृश्य समाजाला अभिमानाने बोट दाखवावं अशी माणसं फार दिसत नव्हती, त्या काळात बाळू त्या पिढीचे हिरो होते.

आता एवढा मोठा खेळाडू, सगळ्यात सिनियर, मग कॅप्टन तोच होणार ना? नाही झाला. बाळूंच्या मागोमाग शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तीनही भाऊ हिंदूंच्या टीममध्ये आले. एका घरातले चार भाऊ एका टीममध्ये, पण कॅप्टनपद घरात येईना. 1913 मध्ये कॅप्टन झालेले एम. डी. पै यांनी सत्काराच्या वेळी स्वतःच कबूल केलं की हा मान खरं तर बाळूंचा होता. बोलले चांगलं, पण पद काही बदललं नाही.

1920 मध्ये ठिणगी पडली. बाळूंना टीममधून वगळलं. पै आजारी होते, तर त्यांच्या जागी विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधरांना कॅप्टन केलं. देवधर थोर खेळाडू होतेच, पण अनुभवात विठ्ठल पुढे होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी सरळ माघार घेतली आणि आपल्याला जातीमुळे डावललं जातंय हे जाहीर पत्रक काढून सांगितलं. टीम निवडीच्या बंद खोलीतली गोष्ट चव्हाट्यावर आली, ती घरातल्याच दोन खेळाडूंनी आणली. लोकांचा दबाव वाढला. पुढच्या मॅचला पै परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार केलं. मॅचमध्ये पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा टीम बाळूंनी सांभाळली. चव्वेचाळिशीत आलेल्या माणसाला एवढंच कॅप्टनपद मिळालं.

1923 मध्ये मात्र विठ्ठल कॅप्टन झाले आणि हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं. याच विठ्ठल यांनी 1948 मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. बाळूंबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्या पुस्तकामुळे.

खेळ थांबल्यावर बाळू राजकारणात आले. इथे गोष्ट अवघड होते. 1932 मध्ये अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवेत की नकोत यावरून देश तापला होता. आंबेडकरांना ते हवे होते, गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले. बाळू स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात होते. आंबेडकरांशी बोलून तडजोड घडवण्यात त्यांचा वाटा होता आणि पुणे करारावर त्यांची सहीही आहे. ज्या शहरात ते पॅव्हेलियनच्या बाहेर चहा प्यायले, त्याच शहरात.

पुढच्या वर्षी हिंदू महासभेकडून मुंबई महापालिकेला उभे राहिले, पडले. 1937 मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून विधानसभेचं तिकीट दिलं. समोर उमेदवार कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्याने मानपत्र लिहिलं तो आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो, समोरासमोर. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. निवडणूक आंबेडकर जिंकले. बाळूंवर तेव्हा टीका झाली आणि आजही होते. काँग्रेसने त्यांच्या नावाचा वापर करून घेतला असं म्हणणारे आहेत, त्यांना एकत्र राहूनच बदल होईल असं मनापासून वाटत होतं असं म्हणणारेही आहेत. जो माणूस आयुष्यभर त्याच टीममध्ये जागा मागत राहिला, त्याला वेगळी टीम काढणं पटलं नसावं, असं आम्हाला वाटतं.

4 जुलै 1955 ला मुंबईत बाळूंचं निधन झालं. फर्स्ट क्लास क्रिकेटचा हिशोब असा : 33 मॅच, 179 विकेट, सरासरी 15.21. ते पहिली फर्स्ट क्लास मॅच खेळले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्याआधीची बरीच वर्षं पुण्यात रोलर ओढण्यात, नेटमध्ये साहेबांना बॉल टाकण्यात आणि त्यांना टीममध्ये घ्यायचं की नाही हे ठरण्याची वाट पाहण्यात गेली. त्या विकेटा कुठल्याच स्कोअरबुकात नाहीत.