जॉर्ज ब्लॅक

जॉर्ज ब्लॅक (इ.स. १८७३ – इ.स. १९६५) हे कॅनडातील वकील, प्रशासक आणि राजकारणी होते. इ.स. १९१२ ते १९१६ या काळात ते युकॉन प्रदेशाचे आयुक्त होते. पुढे त्यांनी कॅनडाच्या संसदेत युकॉनचे प्रतिनिधित्व केले आणि इ.स. १९३० ते १९३५ दरम्यान हाउस ऑफ कॉमन्सचे अध्यक्षपद भूषविले.

पूर्वजीवन

ब्लॅक यांचा जन्म न्यू ब्रुन्सविक प्रांतातील वुडस्टॉक येथे झाला. कायद्याचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी वकिली सुरू केली, परंतु इ.स. १८९८ मध्ये क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधात निघालेल्या हजारो लोकांबरोबर तेही उत्तरेस गेले. त्याच वर्षी युकॉन हा स्वतंत्र प्रदेश झाला होता. काही काळ सोन्याचा शोध घेतल्यावर ते डॉसन येथे वकिलीकडे परतले. खाणींच्या हक्कांवरून सतत तंटे होत असलेल्या या शहरात वकिलांना कामाची वाण नव्हती. इ.स. १९०४ मध्ये त्यांचा विवाह मार्था पर्डी यांच्याशी झाला. शिकागोत जन्मलेल्या मार्था इ.स. १८९८ मध्ये चिलकूट खिंड पायी ओलांडून युकॉनमध्ये आल्या होत्या आणि डॉसन येथे लाकूड कापण्याची गिरणी चालवीत होत्या.

आयुक्तपद

कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे ब्लॅक प्रादेशिक परिषदेवर तीन वेळा निवडून गेले. इ.स. १९११ मध्ये रॉबर्ट बोर्डेन यांचे सरकार सत्तेवर आल्यानंतर पुढील वर्षी त्यांची आयुक्तपदी नेमणूक झाली. इ.स. १९०८ च्या कायद्याने परिषद पूर्णतः लोकनियुक्त करण्यात आली होती; आयुक्त मात्र ओटावातून नेमला जाई व केंद्र सरकारच्या सूचनांनुसार कारभार पाही. युकॉनची लोकसंख्या इ.स. १९०१ मधील २७,२१९ वरून इ.स. १९११ मध्ये ८,५१२ पर्यंत घसरली होती. एकेकट्या खाणकामगाराची जागा मोठ्या कंपन्यांच्या यांत्रिक ड्रेजरांनी घेतल्याने रोजगार घटला होता. अशा ओसरत्या प्रदेशाचा कारभार चालविणे हे ब्लॅक यांच्यापुढील मुख्य आव्हान होते. दळणवळणात त्यांना विशेष रस होता. हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्यांनी होणारा डॉसन ते व्हाइटहॉर्स हा प्रवास मोटारीनेही शक्य आहे, हे त्यांनी इ.स. १९१२ मध्ये स्वतः त्या मार्गाने जाऊन दाखविले.

पहिले महायुद्ध

इ.स. १९१६ मध्ये पद सोडून ब्लॅक यांनी युकॉनमधील स्वयंसेवकांची पायदळ तुकडी उभारली व कॅप्टन म्हणून ते तिच्यासह युरोपास गेले. मार्था यांनीही त्याच सैनिकी जहाजातून प्रवास केला. इ.स. १९१८ मध्ये आमियाँच्या लढाईत ब्लॅक जखमी झाले. दरम्यान सरकारने काटकसरीसाठी आयुक्तपदच रद्द करून त्याची कामे गोल्ड कमिशनर या अधिकाऱ्याकडे सोपविली. पाठोपाठ परिषदेची सदस्यसंख्या १० वरून ३ वर आणण्यात आली. ज्या पदावरून ब्लॅक युद्धावर गेले, ते परत येण्यासाठी उरलेच नव्हते.

संसदीय कारकीर्द

स्थानिक कारभार असा आक्रसल्याने संसदेतील एकमेव जागा हाच युकॉनवासीयांचा प्रमुख आवाज ठरला. ती जागा ब्लॅक यांनी इ.स. १९२१ मध्ये जिंकली आणि १९२५, १९२६ व १९३० च्या निवडणुकांत राखली. इ.स. १९३० मध्ये ते सभागृहाचे अध्यक्ष झाले. मात्र प्रकृती ढासळल्याने इ.स. १९३५ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला व त्या वर्षीची निवडणूक लढविली नाही. त्यांच्याऐवजी ६९ वर्षांच्या मार्था उभ्या राहिल्या आणि विजयी झाल्या. अ‍ॅग्नेस मॅकफेल यांच्यानंतर हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आलेल्या त्या दुसऱ्या महिला होत. प्रकृती सुधारल्यावर ब्लॅक इ.स. १९४० मध्ये पुन्हा निवडून आले व इ.स. १९४९ पर्यंत खासदार राहिले. इ.स. १९५३ मध्ये त्यांनी पुन्हा उमेदवारी केली, परंतु त्यांचा पराभव झाला.

निधन आणि वारसा

मार्था ब्लॅक यांचे इ.स. १९५७ मध्ये, तर जॉर्ज ब्लॅक यांचे इ.स. १९६५ मध्ये निधन झाले. १९२१ ते १९४९ या २८ वर्षांत युकॉनची संसदेतील जागा सातत्याने या दांपत्याकडेच राहिली. डॉसन येथे युकॉन नदी ओलांडणाऱ्या वाहनवाहू फेरीबोटीस जॉर्ज ब्लॅक यांचे नाव देण्यात आले आहे.