आल्फ्रेड विल्म : ॲल्युमिनियमला बळ देणारा संशोधक

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या केज भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी कोयत्यांना पाणी पाजून घ्यायला लोहाराकडे गर्दी होते. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की लगेच कडक होतं, हे आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग ॲल्युमिनियमलाही असंच पाणी पाजता येईल का? या प्रश्नामागे एका माणसाने आयुष्याची ऐन वर्षं घालवली. त्यांचं नाव आल्फ्रेड विल्म.

विल्म यांचा जन्म 1869 साली सायलेशिया प्रांतात झाला. तेव्हा तो जर्मनीत होता, आज बराचसा पोलंडमध्ये आहे. 1901 पासून ते बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग इथल्या संशोधन केंद्रात काम करू लागले. काडतुसांच्या पितळेऐवजी वापरता येईल असा हलका पण मजबूत धातू शोधायचा होता. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण मऊ. त्यात तांबं मिसळून, तापवून, पाण्यात बुडवून पाहिलं, तरी हवा तेवढा कडकपणा येईना.

1906 च्या सप्टेंबरमधली गोष्ट सांगतात. सुमारे 4 टक्के तांबं आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम असलेला तुकडा तापवून थंड केला. शनिवारी मोजला तेव्हा कडकपणा बेताचाच होता. सुट्टीनंतर पुन्हा मोजला, तर तोच तुकडा कितीतरी कडक झालेला! उपकरण बिघडलंय का, अशी शंका आली, पण पुन्हा पुन्हा तेच घडलं. म्हणजे पोलाद बुडवताच कडक होतं, आणि हा धातू बुडवल्यानंतर नुसता ठेवून दिला की हळूहळू कडक होतो.

असं का होतं? गरम चहात साखर विरघळते, तसं तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तांबं विरघळतं. एकदम थंड केलं की ते आतच अडकून पडतं. मग पुढच्या काही दिवसांत त्याचे अणू छोट्या छोट्या घोळक्यांनी जमतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. हे घोळके 1938 मध्ये क्ष-किरणांनी दिसले. विल्म मात्र आदल्याच वर्षी वारले होते.

ड्युरेन गावच्या कारखान्याने हा धातू बाजारात आणला, म्हणून नाव पडलं ड्युरॅल्युमिन. झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचेच झाले. पण पेटंटवरून वाद झाले आणि पहिल्या महायुद्धानंतर विल्म संशोधन सोडून शेतीकडे वळले.

या धातूत एक खोट होती. तांब्यामुळे तो लवकर गंजायचा. 1927 च्या सुमारास अमेरिकेत अल्कोआ कंपनीच्या एडगर डिक्स यांनी त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवला. भांडं नवसागराने साफ केल्याशिवाय कलई धरत नाही, तसंच इथे. तापलेले थर रुळांमधून दाबले की वरची ऑक्साइडची साय फाटते, कोरा धातू कोऱ्या धातूला भिडतो आणि गोंदाशिवाय थर चिकटतात. नंतरच्या तापवण्याने ही पकड आणखी पक्की होते. पण भट्टीत जास्त वेळ ठेवलं, तर आतलं तांबं बाहेरच्या थरात शिरतं आणि थर असूनही संरक्षण जातं. म्हणून पत्रा जितका पातळ, तितकी भट्टीची वेळ काटेकोर.

1951 साली बंगळुरात एचटी-2 हे संपूर्ण धातूचं प्रशिक्षण विमान उडालं. ते घडवणारे डॉ. विष्णू घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. अशी विमानं शक्य झाली ती विल्म यांनी दाखवलेल्या वाटेमुळेच.

वर्गात 'धातू आणि अधातू' शिकवताना कोयत्यापासून सुरुवात करून पाहा. आणि शनिवारी मठ्ठ वाटलेल्या मुलाला सोमवारी पुन्हा एकदा प्रश्न विचारायला विसरू नका.