बिनतारी संदेशाचा जनक मार्कोनी

पूर्वी लांब निरोप पाठवायचा तर तारेचे खांब लागत. पण समुद्रात खांब कसे पुरणार? जहाज एकदा लांब गेले की त्याची काहीच खबर मिळत नसे. ही अडचण मार्कोनीने दूर केली.

गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटली देशातील बोलोन्या शहरात झाला. त्याला विजेच्या प्रयोगांचे फार वेड होते. आईने त्याला घराच्या माळ्यावर जागा दिली. १८९५ साली त्याने भावाला यंत्र देऊन टेकडीपलीकडे पाठवले. संदेश आला की बंदुकीचा बार काढायचा, असे ठरले होते. मार्कोनीने इकडे कळ दाबली आणि तिकडे धडाम् आवाज झाला! त्याच सुमारास कलकत्त्यात आपल्या जगदीशचंद्र बोस यांनीही तारेशिवाय घंटा वाजवून दाखवली.

१८९६ साली मार्कोनी इंग्लंडला गेला. पुढे यंत्रे वाढली आणि सगळ्यांचे संदेश एकमेकांत मिसळू लागले. जत्रेत सगळे एकदम ओरडले तर कुणाचेच कळत नाही, तसेच झाले. म्हणून १९०० साली त्याने प्रत्येक केंद्राला वेगळी लहर लावायची युक्ती नोंदवली. रेडिओचा काटा फिरवून स्टेशन लावतात ना, तसेच ते.

१२ डिसेंबर १९०१ रोजी त्याने कॅनडाच्या बाजूला पतंगाला तार बांधून उंच सोडली. तेव्हा इंग्लंडहून समुद्रापलीकडचे टिक टिक टिक त्याला ऐकू आले. १९०९ साली त्याला ब्राऊन या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१२ साली टायटॅनिक जहाज बर्फाच्या डोंगराला धडकले. त्याच्यावर मार्कोनीचे यंत्र होते. हाक ऐकून कार्पेथिया जहाज धावत आले आणि सुमारे ७०० माणसे वाचली. पण १५०० च्या वर बुडाली. त्याहून जवळ दुसरे एक जहाज उभे होते. त्याचा यंत्रवाला यंत्र बंद करून झोपला होता! हे वाचून मला फार वाईट वाटले. नंतर मोठ्या जहाजांवर रात्रंदिवस कोणीतरी ऐकत बसलेच पाहिजे, असे नियम झाले.

आपल्याकडेही १९२७ साली इंग्लंडशी संदेश चालू झाले. त्याची केंद्रे पुण्याजवळ खडकीला आणि दौंडला होती.

२० जुलै १९३७ रोजी मार्कोनी रोम येथे वारला. तेव्हा अनेक रेडिओ केंद्रे दोन मिनिटे गप्प राहिली.

नुसते यंत्र असून भागत नाही, ऐकणारा माणूस जागा पाहिजे, हे मला यातून समजले.

— इयत्ता चौथी