व्हेरिअर एल्विन : अभ्यासक आणि सोबती

इंग्लंडमधील डोव्हर येथे १९०२ मध्ये जन्मलेले व्हेरिअर एल्विन ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. गांधीजींच्या सहवासात त्यांची दृष्टी पालटली. १९३२ मध्ये सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह ते मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी राहावयास गेले. तेथे त्यांनी शाळा व दवाखाना उभारला. धर्मप्रसार मात्र सोडून दिला.

बैगांच्या ‘बेवर’ या फिरत्या शेतीवर वन खात्याने निर्बंध लादले होते. त्यातून झालेली त्यांची परवड एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात मांडली आणि त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र सुचविले. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी या अलगपणाला कठोर विरोध केला; त्यांच्या मते आदिवासी हे मागासलेले हिंदूच होते. पुढे एल्विन यांनीही आपली भूमिका सौम्य केली.

१९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले व नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, प्रशासनाचे सल्लागार बनले. जमीन व जंगलावरील हक्क जपावेत, कारभारासाठी स्थानिक माणसेच तयार करावीत आणि त्यांच्या परंपरागत संस्थांना डावलू नये, या धोरणाचा त्यांनी पुरस्कार केला.

२२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आदिवासींचा कारभार आदिवासींनीच पाहावा, हे सांगणारा सल्लागार स्वतः बाहेरचा होता. ही विसंगती त्यांच्या कार्याची मर्यादा दाखविते. त्या धोरणाचे मोल मात्र तिने उणावत नाही.