कोठीत दाणे नसताना

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. गाडी घटकाभर थांबते आणि पुढे निघते. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर 'मुक्ती' नावाची मोठी वसाहत आहे, हे डब्यातल्या कितीजणींना ठाऊक असतं? पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला तो पांढऱ्या लुगड्यातला फोटो आठवतो. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, हा धडा पाठ असतो. पण तो झाला सुरुवातीचा भाग. खरी कसोटी पुढे होती, मैत्रिणींनो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आईने रमेला शिकवलं. पुराण सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब गावोगाव फिरायचं. १८७० नंतरच्या दशकातल्या दुष्काळात घरातलं सगळं संपलं. झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मागोमाग आई आणि बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. पोटातली ती आग रमाबाई कधी विसरल्या नाहीत, आणि पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही गोष्ट आपणही विसरता कामा नये.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. पदरात तान्ही मनोरमा. वय अवघं तेवीस! पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंड गाठलं. पण ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टरकी राहूनच गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपल्याकडे मोठं वादळ उठलं. धर्म बदलला म्हणजे बाई परकी झाली, असाच सूर होता. पण तिकडच्या मठातल्या बायकांनाही ही बाई सोपी गेली नाही, बरं का. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनमधलीच अक्षरं का, आपल्या भाषेतली का नकोत, म्हणून त्या अडून बसल्या. त्यांचं खाणं शाकाहारी आणि वेष देशीच राहिला. श्रद्धा स्वीकारली, पण डोकं कुणाकडे गहाण टाकलं नाही.

पुढे अमेरिकेत त्यांनी भाषणं दिली, पुस्तक लिहिलं. तिथल्या मंडळींनी रमाबाई असोसिएशन स्थापन करून दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्याच विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, म्हणजे आपल्या बाया कर्वे! सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई प्रार्थनेला बसल्या की खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली आपणहून येऊन बसायच्या. १८९३ मध्ये यावरूनच भडका उडाला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. खरं सांगायचं तर पालकांचा राग मला समजतो. पण ज्या विधवा पोरींना घरात कोपराच तेवढा मिळाला होता, त्यांना मायेने जवळ घेणाऱ्या बाईचाच देव जवळचा वाटला, यात नवल ते काय!

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येत होत्या. सदनाची मदत आता संपत आलेली. त्यासाठीच तर केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली होती, की उद्या फळं विकून शाळा चालावी. अशा वेळी शहाणी बाई हात आखडून बसली असती. आपण नाही का, महिनाअखेरीला पाहुणे येणार म्हटलं की डबे उघडून बघत? रमाबाईंना मात्र आपलंच लहानपण आठवत होतं. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे बायका-मुलींना घेऊन आल्या. अंगावर चिंध्या, हाडांचे सापळे, काहींना तर नीट जेवायचंही शिकवावं लागलं. पुण्यात प्लेगचे दिवस, तिथे एवढ्या मुली ठेवता येईनात. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या.

१८९८ मध्ये कबूल केलेली दहा वर्षं संपली. त्याच वर्षी मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. या गृहस्थाने ठरलेल्या उत्पन्नाशिवाय, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं सांभाळली होती. रमाबाईंनी तीच वाट धरली. हक्काची वर्गणी नाही, मोठी ठेव नाही. जे हवं ते देवाकडे मागायचं आणि उठून कामाला लागायचं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या आणि माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

श्रद्धा म्हणजे हात जोडून बसणं नव्हे, हे तिथे रोज दिसायचं. विहिरी खोदल्या, गाई पाळल्या, हातमाग आणि तेलाचा घाणा चालू केला, छापखाना काढला. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. आंधळ्या मुलींसाठी मनोरमेने ब्रेल शिकून घेतलं आणि त्यांना शिकवलं. रमाबाईंचं धीर देणंही असंच असायचं. नशिबाला दोष देत रडणाऱ्या मुलीच्या हातात काहीतरी काम ठेवायचं आणि ते तिला जमेल यावर तिच्याआधी आपण विश्वास ठेवायचा.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. आधीचं भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे, खेड्यातल्या बाईला कळेल असं हवं होतं. जुळारी मुक्तीतल्याच मुली. पंधरा-सोळा वर्षं हे काम चाललं. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिच्यावर सगळं सोपवायचं, तीच पुढे गेली. चाळिशीतली लेक! बाईंनी काय सोसलं असेल ते आई असलेल्या कुणालाही सांगायला नको.

तरीही मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ते संपेपर्यंत आयुष्य दे, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं होतं, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच गेल्या. छापखान्यातल्या मुली उरलेली पानं जुळवत राहिल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पूर्ण झालं.