उंबरठा ओलांडणाऱ्या डॉ. रखमाबाई

विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त एखाद्या थोर व्यक्तीच्या चरित्राचे स्मरण करावे असे मनात आले, तेव्हा डॉ. रखमाबाईंचे नाव प्रथम आठवले. त्यास एक निमित्त घडले. ते अखेरीस सांगते.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत १८६४ साली झाला. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह लावण्यात आला. तथापि त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन नामांकित डॉक्टर असल्याने घरात विद्येचे वातावरण होते. पुढे पतीने नांदावयास येण्यासाठी दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सासरी जाण्याचा आदेश दिला. तो न पाळल्यास कारावास होता. या तरुणीने कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली.

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. डॉक्टर होऊन परतल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात दीर्घकाळ सेवा केली.

रुग्णालय होते, औषधे होती, डॉक्टरही स्त्रीच होती. तरीही बायका येण्यास धजत नसत. रुग्णालयातील बाळंतपणाचे भय होते, पडद्याची चाल होती आणि घराबाहेर पडण्याचा निर्णय आजारी स्त्रीच्या हाती नव्हता. भीती घालविण्यासाठी रखमाबाईंनी एका गाभण जनावराची रुग्णालयात सुखरूप सुटका करून दाखविली, अशी आठवण सांगितली जाते. विश्वास असा हळूहळू मिळवावा लागला. पुढे राजकोटच्या स्त्री-रुग्णालयातही त्यांनी सेवा केली आणि निवृत्तीनंतर पडदापद्धतीविरुद्ध लेखणी उचलली. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

आता ते निमित्त. लखनौच्या जानकीपुरम वसाहतीत राहणारी आमची एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी भेटीस आली होती. तिच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी छातीतील गाठ कित्येक महिने लपविली होती. दवाखाना दूर नव्हता. परंतु एक दिवस खाडा केला तर रोज बुडणार, पुरुष डॉक्टरांसमोर संकोच वाटणार, घरच्यांची संमती हवी आणि सोबतीला कोणी नाही! अखेर आमची विद्यार्थिनी स्वतः त्यांना घेऊन गेली, तीन तास रांगेत उभी राहिली आणि त्या दिवसाचा पगारही तिने कापला नाही. बाईंवर आता उपचार सुरू आहेत.

ते ऐकताना मला सुरतेचे ते रुग्णालय आठवले. सव्वाशे वर्षांत रुग्णालये वाढली. घराच्या उंबरठ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचे अंतर मात्र अनेकींना अजून एकटीने ओलांडवत नाही. आपल्या घरी राबणाऱ्या बाईंची, शेजारच्या आजींची, प्रसंगी स्वतःच्या आईची एकदा आस्थेने विचारपूस करावी आणि गरज पडल्यास त्यांच्यासोबत जावे, एवढीच माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी नम्र विनंती.